जेसिकाबाईंचं पुढे काय झालं?

1981 च्या एप्रिलमध्ये जेसिका टेट नावाची एक सुखवस्तू, भाबडी अमेरिकन बाई लॅटिन अमेरिकेतल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या हाती सापडली. त्यांनी तिला उभं केलं, समोर सैनिकांची रांग लावली, बंदुका रोखल्या आणि मालिका संपली. खरं तर भाग संपला असं म्हणायला हवं. पण पुढचा भाग कधी आलाच नाही. बरं, जेसिकाबाई एकट्याच संकटात होत्या असंही नाही. त्यांचा घटस्फोटित नवरा त्याच सुमारास आपल्या नव्या बायकोला आणि स्वतःच्या मुलाला एका अंथरुणात पकडून दोघांचा निकाल लावायला निघाला होता. बहिणीचा नवरा गावचा शेरीफ. तो मारेकऱ्यांनी लावलेल्या सापळ्याकडे चालला होता. आणि भाचा संमोहनाच्या अमलाखाली स्वतःला नव्वदीचा ज्यू म्हातारा समजून बसला होता. इतक्या सगळ्या गाठी मारून लेखिका सुझन हॅरिस थांबल्या आणि एबीसी वाहिनीने ‘सोप’ बंद करून टाकली.

‘सोप’ ही विनोदी मालिका होती, हे इथे सांगितलेलं बरं. रडक्या कौटुंबिक मालिकांची टिंगल करण्यासाठीच ती काढलेली. 1977 मध्ये पहिला भाग दिसण्याआधीच धार्मिक संघटनांनी तिच्याविरुद्ध पत्रांचा पाऊस पाडला होता, जाहिरातदार बिचकले होते. चार मोसम ती कशीबशी तगली.

याच टेट कुटुंबात बेन्सन नावाचा एक बटलर होता. तोंडाने फटकळ, डोक्याने सगळ्या घराला पुरून उरणारा. ‘सोप’ चालू असतानाच 1979 मध्ये त्याला स्वतःची मालिका मिळाली. तिथे तो एका गव्हर्नरच्या घरचा कारभार बघायला गेला आणि चढत चढत लेफ्टनंट गव्हर्नर झाला. 1983 मध्ये एका भागात जेसिकाबाई त्याला भेटायला आल्या. म्हणजे त्यांचं भूत आलं, आणि ते फक्त बेन्सनला दिसत होतं. मी काही अगदी मेलेले नाही, दक्षिण अमेरिकेत कुठेतरी बेशुद्ध पडले आहे, असा बाईंचा खुलासा. दोन वर्षं ताटकळलेल्या प्रेक्षकाच्या पदरात एवढंच पडलं. पण खरी गंमत पुढेच आहे. 1986 मध्ये बेन्सन आपल्याच गव्हर्नरविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला. मतमोजणीची रात्र. दोघे जुने मित्र शेजारी शेजारी बसून टीव्हीवर निकाल पाहताहेत. निवेदक विजेत्याचं नाव घेणार एवढ्यात चित्र गोठतं. आणि तीही मालिका तिथेच बंद! चाळीस वर्षं झाली, त्या राज्याचा निकाल लागलेला नाही. फेरमतमोजणी मागायचीही सोय नाही, कारण पहिलीच मोजणी अजून चालू आहे.

मला या माणसांची काळजी वाटते. कथा-कादंबरीतली माणसं मरतात, सुखाने नांदतात, निदान गाव सोडून तरी जातात. त्यांचं काहीतरी होतं. हे लोक मात्र नुसते ताटकळत उभे. त्यात माणसंच आहेत असंही नाही. मेलमॅक ग्रहावरून आलेला, मांजरं खाण्याची इच्छा बाळगणारा केसाळ ‘आल्फ’ चार वर्षं एका मध्यमवर्गीय कुटुंबात लपून राहिला. मार्च 1990 मधल्या एका भागात त्याचे जातभाई त्याला न्यायला आले. यान खाली उतरणार, तेवढ्यात सरकारी गाड्यांनी त्याला घेरलं. पडद्यावर ‘पुढे चालू’ अशी पाटी. ती पाटी वाचून लाखो मुलं झोपायला गेली आणि एनबीसीने मालिका बंद केली. सहा वर्षांनी दुसऱ्या एका वाहिनीवर चित्रपट आला, त्यात आल्फ लष्कराच्या ताब्यात होता आणि ते कुटुंब आइसलँडला गेल्याचं नुसतं सांगण्यात आलं. तोवर त्या मुलांना मिसरूड फुटलेलं. त्यांना आता आल्फपेक्षा इतर काळज्या होत्या.

हे असं होतं त्याचं मूळ कॅलेंडरात आहे. अमेरिकेतल्या जुन्या वाहिन्यांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन मे महिन्यात संपतं. मोसमाचा शेवटचा भाग मार्च-एप्रिलच्या सुमारास चित्रित होतो. कुठली मालिका ठेवायची आणि कुठली काढायची हे मात्र ठरतं मे महिन्यात, जाहिरातदारांना न्यूयॉर्कला बोलावून पुढच्या वर्षीचा माल दाखवायचा सोहळा तोंडावर आला की. म्हणजे लेखक शेवटचा भाग लिहितो तेव्हा तो शेवटचा आहे की नाही, हेच त्याला ठाऊक नसतं.

अशा वेळी लेखक काय करणार? सगळं नीट मिटवलं तर वाहिनी म्हणणार, छान झालं, आता गरज काय पुढच्या वर्षाची? म्हणून तो नायकाच्या मानेवर सुरी ठेवतो आणि वाहिनीला निरोप धाडतो: आणखी एक मोसम द्या, नाहीतर याचं काही खरं नाही. 1980 मध्ये ‘डॅलस’ने ही युक्ती कशी फळते ते दाखवून दिलं होतं. जे. आर. युइंग नावाच्या तेलसम्राटाला वसंत ऋतूत कुणीतरी गोळ्या घातल्या आणि त्या कुणी घातल्या हे पाहायला नोव्हेंबरात 8 कोटींहून जास्त अमेरिकन लोक टीव्हीसमोर बसले. त्यानंतर जो तो आपला नायक ओलीस ठेवू लागला. या धंद्यात एकच अडचण आहे. ओलीस ठेवलेला माणूस लाडका असतो प्रेक्षकाचा आणि खंडणी मागितली जाते वाहिनीकडे. ज्याचा जीव अडकला आहे त्याच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात सगळं आहे त्याचा जीव कशातच अडकलेला नाही. वाहिनी शांतपणे म्हणते, मारा. तेव्हा जेसिकाबाईंच्या समोरच्या बंदुका बंडखोरांच्या नव्हत्याच, त्या लेखिकेच्या होत्या, असं माझं मत झालं आहे.

उलटंही एकदा झालं. ‘स्लेज हॅमर!’ नावाची पोलिसी चित्रपटांची खिल्ली उडवणारी मालिका होती. 1987 मध्ये ती बंद होणार याची सगळ्यांना इतकी खात्री होती की शेवटच्या भागात अणुबॉम्ब निकामी करता करता तिच्या आचरट नायकाने अख्खं शहर उडवून दिलं. गाव, पोलीस चौकी, पात्रं, सगळ्यांची राख. आणि वाहिनीने मालिकेला दुसरं वर्ष मंजूर केलं! आता राखेतून पोलीस चौकी कुठून आणायची? तर दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीला सांगण्यात आलं की या सगळ्या घटना स्फोटाच्या पाच वर्षं आधीच्या आहेत. मला हा माणूस, म्हणजे मालिकेचा कर्ता अॅलन स्पेन्सर, फार आवडतो. मरायची तयारी पूर्ण करून बसलेल्याला यमाने परत पाठवलं, तर त्याने तक्रार न करता तारीख मागे नेली.

आता, वाहिनी ‘मारा’ म्हणते ती कशाच्या जोरावर? लोक बघत नाहीत म्हणून, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं. कोण बघतं, याला जास्त किंमत असते. 1971 च्या सुमारास सीबीएसने आपल्या कितीतरी मालिका एका झटक्यात काढून टाकल्या. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’, ‘ग्रीन एकर्स’ आणि खेड्यापाड्याच्या अशाच आणखी काही. त्यांना प्रेक्षक नव्हते असं मुळीच नाही. पण ते प्रेक्षक गावाकडचे होते, वयस्क होते, आणि जाहिरातदारांना हवे होते शहरातले तरुण, ज्यांचा साबण अजून ठरलेला नाही. ‘ग्रीन एकर्स’मधल्या पॅट बट्रम या नटाने त्यावर शेरा मारला होता की त्या वर्षी सीबीएसने जिच्यात झाड दिसेल ती प्रत्येक मालिका बंद केली. पुढे तर 18 ते 49 हे वय म्हणजेच प्रेक्षक, असा हिशेब रूढ झाला. पन्नाशीनंतर माणूस टीव्ही जास्त बघू लागतो आणि नेमका तेव्हाच मोजला जायचा थांबतो.

हे मी एकदा आत्याला समजावून सांगत होतो. आत्या ऐंशीची आहे आणि संध्याकाळी सातपासून दहापर्यंत तिला फोन केलेला चालत नाही. जेसिकाबाईंची हकिकत तिने लक्ष देऊन ऐकली.

“मग गोळी घातली की नाही त्या बाईला?”

“तेच तर कळलं नाही, आत्या.”

“लिहिणारा वारला का मध्येच?”

“लिहिणारी. आणि वारली नाही. जाहिरातदार फिरकेनात, बघणारेही कमी झाले.”

“म्हणजे जिवंतपणी सोडून दिलं?” आत्याने विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की तिला बंडखोरांपेक्षा ही गोष्ट जास्त अमानुष वाटली असावी. मग म्हणाली, “आमच्याकडे असं करत नाहीत हो.”

हे मात्र तिचं खरं आहे. आमच्याकडे असं सहसा करत नाहीत. दूरदर्शनच्या जमान्यात मंडी हाउसमधून तेरा भागांची मंजुरी यायची आणि मग मुदतवाढीसाठी खेटे घालावे लागायचे. पण शेवट तोडला तर लोक काय करतील याचा अनुभव सरकारला 1988 मध्येच आला. रामानंद सागरांच्या ‘रामायण’ला आधी 52 भाग मंजूर होते, ते वाढत वाढत 78 झाले, राज्याभिषेक झाला आणि मालिका आटोपली. पण उत्तरकांड राहिलं होतं. वाल्मीकींना गुरू मानणाऱ्या समाजाला ते कसं चालेल? त्यात तर खुद्द वाल्मीकींचा आश्रम, लव-कुश, सगळं. जालंधरच्या सफाई कामगारांनी काम बंद केलं, संप उत्तरेतल्या इतर शहरांतही पसरला, रस्त्यांवर कचरा साठू लागला आणि सरकारने पुढचे भाग काढायला लावले. कथेचा शेवट मिळावा म्हणून संप, आणि तोही यशस्वी! संपाचा हा पराक्रम अमेरिकेतल्या कुठल्याही चाहत्याला साधलेला नाही.

खाजगी वाहिन्यांवरच्या आपल्या मालिका तुटत नाहीत, त्याचं कारण मात्र भक्ती नाही. त्या रोज चालतात. आज चित्रित केलेलं चार-सहा दिवसांत पडद्यावर येतं. भागांची मोठी ‘बँक’ हाताशी असणं ही चैन. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. आकडे पडले की आधी वेळ बदलतात, मग कथा सात वर्षं पुढे नेतात, मग दुसऱ्या मालिकेशी महासंगम घडवतात, आणि काहीच चाललं नाही तर निरोप येतो: महिनाभरात गुंडाळा. म्हणजे लेखकाला शेवटाची तारीख आधी कळते. उलट आकडे चांगले असतील तर शेवट नावाची गोष्टच उरत नाही. ‘चार दिवस सासूचे’ हे शीर्षक घेऊन निघालेली मालिका 2001 पासून 2013 पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग चालली. सुनेने किती कळ काढली असेल!

गुंडाळण्याच्या त्या महिन्यात जे घडतं ते बघण्यासारखं असतं. दोन वर्षं विष कालवणाऱ्या जाऊबाईंना मंगळवारी उपरती होते. बुधवारी त्या देवघरासमोर रडतात, गुरुवारी सगळे त्यांना माफ करतात. कोमात गेलेले काका शुक्रवारी बोट हलवतात आणि शनिवारी जेवायला पानावर बसतात. वर्षभर रखडलेला कोर्टाचा निकाल जाहिरातींच्या दोन ब्रेकमध्ये लागतो. परदेशी गेलेला मुलगा विमानतळावरून थेट सत्यनारायणाच्या पूजेला हजर. शेवटी अख्खं कुटुंब ओळीने उभं राहून प्रेक्षकांना हात जोडतं, आणि त्या ओळीत ज्याचा खून झाला होता तोही नट उभा असतो. सोमवारपासून त्याच वेळेला नवी मालिका, त्याच बंगल्यात, पडदे बदलून.

सगळं मिटलेलं असतं आणि काहीच पटलेलं नसतं. जाऊबाई अशा कशा सुधारल्या? माणूस सुधारायला आयुष्य जातं, यांना तीन एपिसोड पुरले. म्हणून, आत्याला आवडणार नाही, पण मला गुंडाळलेल्या शेवटापेक्षा तुटलेला शेवट बरा वाटतो. जेसिकाबाई निदान जेसिकाबाईच राहिल्या. त्यांच्यावर कुणी उपरती लादली नाही. बेन्सन हरलाही नाही आणि जिंकून बिघडलाही नाही.

टाळेबंदीच्या काळात मात्र आमच्याकडेही तोडातोड झाली. मार्च 2020 मध्ये चित्रीकरणं थांबली आणि सोनी वाहिनीने ‘बेहद 2’, ‘पटियाला बेब्स’ आणि ‘इशारों इशारों में’ या तीन हिंदी मालिका आहेत तिथेच थांबवल्या. बाकी देशही होता तिथेच थांबलेला असल्यामुळे फारशी ओरड झाली नाही.

ओरड कशी करावी ते शिकायचं तर ‘जेरिको’च्या चाहत्यांकडून. अणुहल्ल्यानंतर कॅन्ससमधलं एक छोटं गाव कसं तगून राहतं, त्याची ही मालिका. पहिल्या मोसमाच्या शेवटी शत्रूने शरण या म्हटल्यावर नायक एकाच शब्दात उत्तर देतो, ‘नट्स’. दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात सापडलेल्या एका अमेरिकन सेनापतीने जर्मनांना दिलेलंच ते उत्तर. 2007 मध्ये सीबीएसने मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांनी वाहिनीच्या पत्त्यावर शेंगदाणे पाठवले. पाकीट-दोन पाकिटं नव्हेत, वीस टनांहून जास्त. आपल्याकडे एवढ्यात एका तालुक्याची आषाढी एकादशी निघाली असती. वाहिनीने हात टेकले आणि सात भाग मंजूर केले. ते सात भागही फार लोकांनी पाहिले नाहीत आणि मालिका दुसऱ्यांदा बंद झाली. शेंगदाणे पाठवणं सोपं, मंगळवारी रात्री वेळेवर टीव्हीसमोर बसणं अवघड. निर्माते मात्र या वेळी शहाणे झाले होते. त्यांनी दोन शेवट चित्रित करून ठेवले होते, एक उघडा आणि एक मिटलेला. बंद व्हायचा निरोप आल्यावर मिटलेला काढून लावला.

आता तर गुरुवारही नाही आणि मे महिनाही नाही. नेटफ्लिक्सच्या जमान्यात अख्खा मोसम एका रात्रीत येतो आणि किती जणांनी तो शेवटपर्यंत पाहिला यावर मालिकेचं आयुष्य ठरतं. मालिका जुनी होते तशी नटांचे करार वाढतात, सेट वाढतो. नवे गिऱ्हाईक मात्र पहिल्या-दुसऱ्या मोसमालाच येतात. म्हणून तिसरा मोसम हा हल्ली फार घातक समजतात. ‘सेन्स8’ तर दुसऱ्यातच गेली. जगाच्या आठ कोपऱ्यांतली आठ माणसं मनाने एकमेकांना जोडलेली, अशी तिची कल्पना. चित्रीकरणही खरोखर देशोदेशी, त्यामुळे खर्च अफाट. त्या आठांतली एक मुंबईची, गणपतीवर श्रद्धा असलेली, औषधांच्या कंपनीत काम करणारी. नाव काला दांडेकर. आडनाव ऐकताच ती मला नात्यातली वाटू लागली. तिचं लग्न झालेलं राजन नावाच्या सज्जन मुलाशी आणि मन गुंतलेलं बर्लिनच्या एका तिजोरीफोड्यात. जून 2017 मध्ये मालिका बंद झाली तेव्हा तो तिजोरीफोड्या शत्रूच्या कैदेत होता. जगभरातून गिल्ला झाला आणि वर्षभराने अडीच तासांचा एक शेवट मिळाला. त्यात पॅरिसच्या आयफेल टॉवरवर एक लग्न लागलं, दुष्टांचा नाश झाला, आणि कालाचा पेच असा सुटला की दोघांपैकी कुणालाच सोडायला नको, तिघेही आनंदात. दांडेकरांच्या घरी हे कळवलं की नाही, ते दाखवायला अडीच तास पुरले नाहीत.

‘वेस्टवर्ल्ड’ची तर वेगळीच तऱ्हा. नोव्हेंबर 2022 मध्ये चार मोसमांनंतर तिला बंद केलं आणि थोड्याच दिवसांत आधीचे मोसमही एचबीओच्या स्वतःच्या मंचावरून काढून टाकले. शेवट नाही तो नाहीच, सुरुवातही परत घेतली.

दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्याबद्दल मात्र मला आदरयुक्त भीती वाटते. 1991 मध्ये ‘ट्विन पीक्स’ बंद पडली तेव्हा तिचा सालस नायक आरशात डोकं आपटून घेत भुतासारखा हसत होता. त्याच भागात एका मेलेल्या मुलीने त्याला सांगितलं होतं की आपण पंचवीस वर्षांनी भेटू. आणि खरोखर 2017 मध्ये, म्हणजे किंचित उशिरा, मालिका परत आली. अठरा भाग. विचार करायला सव्वीस वर्षं मिळाल्यावर लिंच यांनी आधीच्यापेक्षाही न कळणारा शेवट केला. ‘क्वांटम लीप’च्या लोकांना एवढी सवड मिळाली नाही. दुसऱ्यांच्या देहात शिरून त्यांची आयुष्यं सुधारत काळातून भटकणारा शास्त्रज्ञ डॉ. सॅम बेकेट; पाच मोसम प्रेक्षक वाट पाहत होते की हा घरी कधी जातो. 1993 मध्ये मालिका बंद झाली आणि शेवटी काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली, की डॉ. बेकेट घरी परतलाच नाही. त्या ओळीत त्याच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. 2022 मध्ये नव्या शास्त्रज्ञाला घेऊन तीच मालिका पुन्हा काढली, आणि दोन मोसमांनंतर पुन्हा बंद केली.

या सगळ्यांत शेवटाशी सर्वांत मजेने वागला तो ग्रेग गार्सिया. त्याच्या ‘माय नेम इज अर्ल’चा नायक भुरटा चोर. त्याला एक लाख डॉलरची लॉटरी लागते आणि त्याच क्षणी मोटार उडवते, तिकीट हरवतं. इस्पितळातल्या टीव्हीवर तो कर्माचा सिद्धांत ऐकतो आणि आयुष्यात केलेल्या पापांची अडीचशेच्या वरची यादी करून एकेकाचं परिमार्जन करत सुटतो. 2009 मध्ये, यादी अर्धीही झाली नसताना, एक भाग डीएनए चाचणीवर संपला: एका मुलाचा खरा बाप अर्लच निघाला, दुसऱ्याचा बाप कोण ते गूढच. ‘पुढे चालू’. आणि एनबीसीने मालिका बंद केली. पुढच्याच वर्षी गार्सियाची नवी मालिका आली, ‘रेझिंग होप’. तिच्या पहिल्याच भागात मागे टीव्हीवर बातमी चालू असते, की पापांची लांबलचक यादी फेडत निघालेल्या एका भुरट्या चोराची यादी अखेर पूर्ण झाली आहे आणि ती कशी झाली हे ऐकून तुम्ही थक्क व्हाल. तेवढ्यात कुणीतरी टीव्ही बंद करतं.

2013 मध्ये गार्सियाने शेवटाचा खरा बेतही सांगून टाकला. अर्ल यादीतल्या एका अवघड पापापाशी अडतो आणि त्याला एक अनोळखी माणूस भेटतो, तोही स्वतःची यादी घेऊन निघालेला. ही कल्पना तुला कुणी दिली असं विचारत गेल्यावर साखळी फिरून अर्लपाशीच येते. मग तो आपली यादी फाडून मोकळा होतो. शेवट चांगलाच आहे. चित्रित झाला असता तर मी नक्की पाहिला असता. फक्त तो पाहायला आणखी चार कोटी लोक बसले असते, वाहिनीने घाईघाईने पाचवं, सहावं वर्ष मंजूर केलं असतं, अर्लला फाडलेल्या यादीचे तुकडे चिकटवायला बसवलं असतं, आणि त्या मोसमाच्या शेवटच्या भागात त्याला पुन्हा एकदा मोटारीने उडवलं असतं.